चित्त थाऱ्यावर नसण्याची पार्श्वभूमी
सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात असलेल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ च्या ऑगस्टपासून रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. त्यानंतर दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचे व मुलांनी पुस्तक हाती घ्यायचे, हा ग्रामस्थांचा निर्णय देशभर गाजला. त्यामागची काळजी खरी होती. टाळेबंदीत शिक्षणासाठी दिलेला मोबाईल मुलांच्या हातून सुटत नव्हता. परंतु ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ ही तक्रार मोबाईलपेक्षा कितीतरी जुनी आहे, आणि तिच्याकडे स्वभावदोष म्हणून पाहायचे की प्रकृतीची खूण म्हणून, हा प्रश्नही तितकाच जुना आहे.

पतंजलींच्या योगसूत्रांत चित्तविक्षेपाची, म्हणजे मन विचलित होण्याची, नऊ कारणे सांगितली आहेत. त्यांत पहिले नाव ‘व्याधी’चे आहे, आळसाचा क्रमांक पाचवा लागतो. आपल्या घरांत हा क्रम बहुधा उलटा असतो, म्हणजे मूल आधी आळशी ठरते, मग वांड, आणि सगळे उपाय थकल्यावर कोणाला तरी त्याचे रक्त तपासावेसे वाटते. मनाला समजावण्याची, प्रसंगी दटावण्याची परंपराही आपल्याकडे बळकट आहे. साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर अखेरची वर्षे घालवलेल्या समर्थ रामदासांनी तर मनालाच उद्देशून दोनशेहून अधिक श्लोक रचले. तो उपदेश साधकासाठी होता, हे मात्र ओरडणाऱ्या पालकांच्या लक्षात राहत नाही.

पाश्चात्त्य वैद्यकात या विषयाचा ठळक उल्लेख स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन यांच्या १७९८ मधील ग्रंथात आढळतो. एकाच विषयावर आवश्यक तेवढा वेळ लक्ष टिकवता न येणे ही अवस्था जन्मजात असू शकते किंवा एखाद्या आजारामुळे पुढे उद्भवू शकते, असा भेद त्यांनी केला होता. तो आजही उपयोगी पडतो, तरी पुढच्या शतकभरात तो मागे पडला. १९०२ मध्ये लंडनमधील व्याख्यानांत जॉर्ज स्टिल यांनी ४३ मुलांची प्रकरणे मांडली, तेव्हा त्यांनी या दोषाला नैतिक संयमाचा अभाव म्हटले. म्हणजे मुलाला दवाखान्यात तर आणले, पण ठपका तसाच ठेवला. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना उत्तेजक औषधाने काही मुलांच्या अभ्यासात लक्षणीय फरक पडलेला दिसला आणि उपचारांची दिशा बदलली. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत १९६८ मध्ये भर अतिचंचलतेवर होता, १९८० मध्ये लक्ष न टिकणे नावातच आले, आणि १९८७ मध्ये लक्ष न टिकणे व अतिचंचलता या दोन्हींना सामावणारे, आज परिचित असलेले ‘एडीएचडी’ हे नाव रूढ झाले.

या नावाचा इतका बोलबाला झाला की क्रायटन यांच्या भेदाचा दुसरा भाग, म्हणजे आजारामुळे ढळणारे लक्ष, झाकोळून गेला. वस्तुतः तिकडचा पुरावा अधिक जुना आणि अधिक ठोस होता. १८७३ मध्ये विल्यम गल यांनी काही प्रौढ स्त्रियांचे वर्णन केले होते. चेहरा सुजलेला, हालचाली संथ, आणि पूर्वी चौकस असलेले मन उदासीन झालेले. हा थायरॉईड ग्रंथी मंदावण्याचा परिणाम असल्याचे पुढे स्पष्ट झाले. १८९१ मध्ये न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे यांनी अशाच एका ४६ वर्षांच्या रुग्ण स्त्रीला मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क टोचण्यास सुरुवात केली, ती सुधारली आणि त्यानंतर तब्बल २८ वर्षे जगली. मंदावलेल्या बुद्धीचे मूळ गळ्यातल्या एका ग्रंथीत असू शकते, याचा याहून स्पष्ट दाखला शोधूनही सापडणार नाही.

पुढे ही यादी वाढत गेली: लोहाची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, घोरण्यासह श्वास अडखळल्याने मोडणारी झोप, चिंताविकार, काही औषधे. एकाग्रता घटणे हे नैराश्याच्या मान्य निकषांपैकीही एक आहे, तरी रुग्ण ‘मला उदास वाटते’ असे क्वचितच म्हणतो. ‘डोकं चालत नाही’, ‘वाचलेलं टिकत नाही’ असे सांगतो.

आपल्या भागात यातले सर्वांत दुर्लक्षित कारण रक्तक्षय, म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन कमी होणे, हेच असावे, असे मला वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये तो आढळला. शाळांतून किशोरवयीन मुलामुलींना दर आठवड्याला लोहाची निळी गोळी दिली जाते, ती याचसाठी. मळमळते म्हणून ती दप्तरात किंवा गटारात जाते, ही गोष्ट वेगळी.

म्हणूनच वैद्यकाने आता ‘कधीपासून’ या प्रश्नाला मोठे स्थान दिले आहे. २०१३ पासूनच्या निकषांनुसार एडीएचडीची लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात. शाळेत नेमाने पहिली येणारी आणि आता सांगलीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचे एक पान चार वेळा वाचणारी पंचविशीतली मुलगी त्या चौकटीत सहसा बसत नाही. तिच्याबाबतीत आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, झोप आणि मनःस्थिती यांची विचारपूस व्हावी लागते.