कापडाचं विमान कमकुवत नव्हतं: वेलिंग्टनच्या जाळीची गोष्ट

तळ्यात राक्षस शोधायला गेले आणि बाँबर विमान सापडलं, हे खरंच घडलेलं आहे. १९७६ साली स्कॉटलंडच्या लॉख नेसमध्ये काही अमेरिकन मंडळी सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं शोधणारं यंत्र, लावून त्या प्रसिद्ध नेसीला शोधत होती. नेसी मिळाली नाही, आणि मिळणारही नाही, कारण असा प्राणी पिढ्यान्पिढ्या टिकायचा तर एकटा असून भागत नाही, त्याचा अख्खा कळप लागतो आणि कळप लपून राहत नाही. पण सोनारवर एक विमान दिसलं. ते होतं दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बाँबर विकर्स वेलिंग्टन, नंबर एन २९८०. ३१ डिसेंबर १९४० ला ट्रेनिंगच्या फ्लाइटवर असताना इंजिनाने दगा दिला, बाहेर बर्फ पडत होता, पायलटने ते सरळ पाण्यावर उतरवलं. १९८५ मध्ये ते वर काढलं आणि आता ते इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या म्युझियममध्ये आहे, म्हणजे जिथे बनलं तिथेच परत.

त्याचे फोटो नक्की बघा, कारण वरचं कापड गेलंय आणि आतला सांगाडा उघडा दिसतो. हो, कापड! वेलिंग्टनला वरून पत्रा नव्हता, लिननचं कापड ताणून बसवायचे आणि त्यावर डोप नावाचा द्रव फासायचे, तो वाळला की कापड ढोलकीच्या पानासारखं ताठ होतं. हे सांगितलं की बरेच जण म्हणतात, म्हणजे पहिल्या महायुद्धातलं मागासलेलं तंत्र १९३६ मध्ये वापरलं की. हाच गैरसमज मला दूर करायचाय. या विमानात कापडाचं काम फक्त हवा अडवायचं, ताकद सगळी आतल्या जाळीत.

ही जाळी ब्रिटिश इंजिनिअर बार्न्स वॉलिस यांच्या डोक्यातून आली. ते आधी आर १०० या एअरशिपवर, म्हणजे गॅसने तरंगणाऱ्या हवाई जहाजावर, काम करत होते, तिथे गॅसच्या प्रचंड पिशव्या आवरून धरायला त्यांनी तारांची जाळी वापरली होती. तीच कल्पना त्यांनी विमानाच्या सांगाड्यात आणली आणि तिला नाव मिळालं जिओडेटिक. वक्र पृष्ठभागावर दोन बिंदूंमधला सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे जिओडेसिक रेषा. एका नळकांड्यावर दोन ठिकाणी बोटं ठेवा आणि मध्ये दोरा घट्ट ताणा, दोरा आपोआप स्प्रिंगसारखा तिरका वळसा घेतो, तीच ती रेषा. वॉलिसनी ड्युरॅल्युमिनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या एका मजबूत मिश्रधातूच्या) पट्ट्या अशाच वळशांनी लावल्या, अर्ध्या उजवीकडे वळणाऱ्या, अर्ध्या डावीकडे, आणि जिथे जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे जोडून टाकल्या.

आता खरी गंमत. विमान वळतं तेव्हा शेपटीवर जोर येतो आणि धड ओला टॉवेल पिळल्यासारखं पिळलं जातं. अशा पिळात एका दिशेच्या सगळ्या पट्ट्या ताणल्या जातात आणि दुसऱ्या दिशेच्या दाबल्या जातात. ताण धातूला सहज सोसतो, घात करतो तो दाब. प्लास्टिकची फूटपट्टी उभी धरून वरून दाबली तर ती तुटत नाही, आधी बाजूला वाकते, यालाच बकलिंग म्हणतात. पट्टीला मध्ये एके ठिकाणी आधार दिला की ती चौपट वजन सोसते, समान अंतरावर दोन ठिकाणी दिला तर नऊपट, कारण आधारांमधलं अंतर जेवढं कमी त्याच्या वर्गाच्या प्रमाणात ताकद वाढते.

वेलिंग्टनमध्ये हा आधार येतो तो पट्ट्यांकडूनच. दाबली जाणारी वक्र पट्टी आणखी वाकायला बघते म्हणून बाहेर ढकलते. ताणली जाणारी वक्र पट्टी सरळ व्हायला बघते म्हणून आत ओढते. आणि दोघी प्रत्येक ओलांडणीवर जोडलेल्या! एकीचा बाहेरचा जोर आणि दुसरीचा आतला जोर तिथल्या तिथे एकमेकांना रद्द करतात, वेगळा खांब लागत नाही की आडवी तुळई लागत नाही. यात रेषा जिओडेसिकच का हवी? कारण अशा रेषेची वक्रता पृष्ठभागाला लंब असते, बाजूला अजिबात नसते, त्यामुळे त्यातला जोर फक्त आत किंवा बाहेर जातो, पट्टीला कडेला सरकवत नाही. हे वाक्य एकदा वाचून कळलं नाही तर परत तो ताणलेला दोरा आठवा, तो नळकांड्यावरून घसरून बाजूला जात नाही, एवढंच.

शिवाय एखादी पट्टी गोळीने तुटली तरी भार शेजारच्या पट्ट्यांवरून वळसा घालून जातो. म्हणून मोठमोठी भगदाडं पडलेली वेलिंग्टन घरी परतल्याचे फोटो आहेत. मात्र त्यावरून "हे विमान पडतच नाही" असं जे पसरवलं जातं ते चूक आहे, फोटो परत आलेल्यांचेच निघतात. १८ डिसेंबर १९३९ ला हेलिगोलँड या जर्मन बेटाजवळ दिवसाउजेडी गेलेल्या २२ विमानांपैकी १२ गमावली. इंधनाच्या टाक्या भोक आपोआप बुजवणाऱ्या नव्हत्या, आणि पेटलेल्या पेट्रोलपुढे जाळी काही करू शकत नाही. त्यानंतर बाँबफेक बहुतेक रात्रीच व्हायला लागली.

कापड आणि जाळी दोन्ही एकत्र समजून घ्यायची तर ७ जुलै १९४१ ची रात्र बघा. जर्मनीतल्या म्युन्स्टरहून परतणाऱ्या वेलिंग्टनवर हल्ला झाला आणि १३,००० फुटांवर उजव्या इंजिनाजवळ आग लागली. न्यूझीलंडचा सार्जंट जेम्स वॉर्ड कमरेला दोर बांधून छतावरच्या झरोक्यातून बाहेर पडला आणि लाथा मारून कापडाला भोकं पाडत, त्यातून जाळीला हात-पाय अडकवत, आधी ३ फूट खाली पंखावर आणि मग आणखी ३ फूट इंजिनामागे गेला. हातातल्या कॅनव्हासच्या कव्हरने त्याने पंखावरचं जळतं कापड विझवलं. पत्र्याचा गुळगुळीत पंख असता तर पाय ठेवायला जागाच नव्हती. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक मिळालं, आणि दोनच महिन्यांनी हँबर्गवरच्या मोहिमेत तो मारला गेला.

एकूण ११,४६१ वेलिंग्टन बनली, इतकं दुसरं कुठलंही ब्रिटिश बाँबर बनलं नाही. काहींना ४८ फूट व्यासाचं विजेचं कडं बसवून समुद्रातले चुंबकीय सुरुंग उडवायला वापरलं. ऑक्टोबर १९४३ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या बाँबर कमांडने मोहिमांमधून त्यांना काढलं, पुढे पाणबुड्यांचा शोध, आणि ट्रेनिंगसाठी तर १९५३ पर्यंत.

मग ही युक्ती मागे का पडली? कापड हवेचा दाब धरू शकत नाही. खूप उंचावर माणसं न्यायची तर केबिनमध्ये दाबाची हवा भरावी लागते, आणि जाळीतून ती निसटणार. वेलिंग्टनच्या उंच उडणाऱ्या आवृत्तीत त्यासाठी नाकाकडे वेगळं बंद धातूचं पिंप बसवावं लागलं, म्हणजे ताकदीसाठी एक सांगाडा आणि हवेसाठी दुसरा. पत्र्याच्या विमानात मात्र तोच पत्रा भार घेतो आणि हवाही धरतो. वेग वाढला तसं कापड फुगायलाही लागलं. माझ्या मते वॉलिसचं गणित कुठेच चुकलं नव्हतं, विमानांकडून मागणीच बदलली.

एन २९८० चा फोटो मिळाला तर त्यातली एकच पट्टी निवडा आणि बोटाने तिच्या मागे मागे जा. ती छतावरून तिरकी उतरते, पोटाखाली जाते, पलीकडून पुन्हा वर येते, आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक उलट पट्टीला जोडलेली असते.