चेन उघडी कधी पडली, आणि तेल कुठे जायला हवं

चेन काढून रॉकेलात बुडवायची, ब्रशने घासायची, वाळवून तेल सोडायचं: सायकलच्या दुकानांत पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलं. पद्धत वाईट नाही. फक्त ती ज्या चेनवर रुळली, ती चेन आजच्या गिअरच्या सायकलवर नाही.

1880 साली मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या चेनमध्ये कड्या जोडणाऱ्या पिनेला टेकायला जागा फार थोडी असे, त्यामुळे ती लवकर झिजे. रेनॉल्डने आतल्या दोन पट्ट्यांमध्ये एक नळी, म्हणजे बुश, घट्ट बसवली. भार बुशच्या सबंध लांबीवर पसरला आणि बुशवरचा रोलर दात्यावर घासण्याऐवजी फिरू लागला. 1885 मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर सेफ्टी सायकल आली. चेनने मागचं चाक फिरवायची पद्धत तिच्यामुळे सर्वत्र रुजली.

त्या काळच्या कच्च्या रस्त्यांवर चेन चिखलाने माखायची. त्यावर इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या सनबीम सायकलींनी काढलेला उपाय साफसफाईचा नव्हताच: चेन बंद पेटीत ठेवायची आणि पेटीतच तेल पुरवायचं. ‘लिटल ऑइल बाथ’ म्हणून ही सोय प्रसिद्ध होती. आपल्याकडच्या काळ्या सायकलींचं फुल चेनकव्हर त्याच विचारातलं, फक्त त्यात तेल नाही. या सायकलींची चेन जाड, अर्धा इंच पिचची (म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांमध्ये अर्धा इंच अंतर), क्लिपच्या लॉकने जोडलेली. पक्कडीने क्लिप काढली की चेन हातात. परत लावताना क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. उलटं बसलं आणि कशाला घासलं, तर क्लिप उडते. ताण असा ठेवायचा की चेन मध्यावर 10-12 मि.मी. वरखाली होईल.

गिअरने हे चित्र बदललं. 1937 साली टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत डिरेलरला, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या यंत्रणेला, परवानगी मिळाली. या रचनेत चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर आडवी सरकते, त्यामुळे बंद पेटी अशक्य झाली आणि चेन कायमची उघडी पडली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सेडिस या फ्रेंच कंपनीच्या सेडिस्पोर्ट चेनने बुशही काढून टाकला. आतल्या पट्ट्यांच्या भोकांच्या कडाच उचलून दोन अर्धे बुश केले, मध्ये फट राहिली. चेन हलकी झाली, आडवी जास्त वाकू लागली. त्या फटीतून तेल पिनेपर्यंत सहज पोहोचतं, आणि धूळही. आज गिअरच्या जवळपास सगळ्या चेन अशाच असतात.

चेन लांबते तीही तिथेच. पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिन आणि तिची बैठक झिजते. 24 सांध्यांची नवी चेन 304.8 मि.मी. भरते. तीच 306.3 झाली की 0.5 टक्के झीज. 11-12 गिअरची चेन इथेच बदलावी. सिंगल-स्पीडला, म्हणजे बिनगिअरच्या सायकलला, 1 टक्क्यापर्यंत चालतं. उशीर केला तर कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअर-चक्रांचे, दातेही झिजतात आणि नवी चेन त्यांवरून सटकते.

म्हणून रॉकेलाची आंघोळ जपून. नव्या चेनमध्ये कारखान्याचं ग्रीस असतं. तेलाऐवजी मेण लावायचं नसेल तर हे ग्रीस धुवू नये. चेन जुनी असेल तर बाटलीत 150-200 मि.ली. रॉकेल घेऊन हलवावं आणि रॉकेल स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहावं. एकाच काळ्या रॉकेलात घोळवत बसलं, तर बाहेरची रेती आत जाते. मग काही तास वाळवणं आवश्यक, नाहीतर आत उरलेलं रॉकेल नवं तेल पातळ करतं. गंज काढायला आम्ल तर नकोच. त्याने कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि पट्टी अचानक तडकते. डब्ल्यूडी-40 हे 1953 साली सॅन दिएगोमध्ये पाणी हटवण्यासाठी तयार झालं. पावसात भिजलेल्या चेनवर ते मारायला हरकत नाही, पण ते सुकल्यावर चेनचं तेल लागतंच.

तेल प्रत्येक रोलरवर एक थेंब. 110-116 कड्यांना साधारण 5-6 मि.ली. पुरतं. पेडल उलटं फिरवावं, काही तास थांबून बाहेरचं तेल फडक्याने कोरडं पुसावं. पट्ट्यांवर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं. पावसाळ्यात दाट तेल, ऑक्टोबरनंतर पातळ. खोबरेल किंवा खाण्याचं तेल कधीच नाही, ते चिकट होऊन बसतं.

राहिला चेन काढण्याचा प्रश्न. 11-12 गिअरच्या चेनचं क्विक लिंक, म्हणजे चेन उघडायची जोडकडी, बरेच उत्पादक एकदाच वापरायला सांगतात. त्यामुळे अशी चेन सायकलवरच पुसून तेल घालणं परवडतं, आणि काढायचीच झाली तर नवं लिंक आधी हाताशी असावं.