एजंटच्या हाती वॉलेट: ‘अप्रूव्ह’चा जुना गुंता

एआय एजंट, म्हणजे स्वतःहून कामे उरकणारे प्रोग्रॅम, आता लोकांची क्रिप्टो वॉलेट हाताळू लागले आहेत. पण इथेरियम या ब्लॉकचेनवर झालेला व्यवहार उलटवता येत नाही. या नियमाला ठळक अपवाद एकच. जून २०१६ मध्ये ‘द डाओ’ या सामूहिक गुंतवणूक निधीतून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचे चलन) चोरीला गेले आणि जुलैत साखळीचाच नवा फाटा (फोर्क) काढून ते परत मिळवले गेले. ज्यांना हे पटले नाही त्यांनी जुनी साखळी चालू ठेवली. २०१७ मध्ये पॅरिटी या कंपनीच्या मल्टिसिग (अनेकांच्या सह्यांनी चालणाऱ्या) वॉलेटांत पाच लाखांवर इथर अडकले, तेव्हा मात्र कोणी फाटा काढला नाही.

एआय एजंटांच्या संदर्भात खरी गोम आहे ती ईआरसी-२० मध्ये, इथेरियमवरच्या टोकनांसाठी (इतर डिजिटल नाण्यांसाठी) २०१५ साली मांडल्या गेलेल्या प्रमाणकात. त्यातल्या ‘अप्रूव्ह’ या फंक्शनने टोकनचा मालक दुसऱ्या पत्त्याला ठरावीक रकमेपर्यंत मुभा देतो, मग तो पत्ता पुन्हा न विचारता टोकन उचलतो. प्रत्येक परवानगीला गॅस, म्हणजे व्यवहाराचे शुल्क, लागतो. तो वाचवायला अनेक अ‍ॅप्स थेट शक्य तितका मोठा, ७८ अंकी आकडा भरू लागली. म्हणजे अमर्याद मुभा, तीही मागे घेईपर्यंत कायमची. मागे घ्यायची तर पुन्हा गॅस आलाच.

या रिवाजाचे समर्थक गॅसच्या चढ्या दरांकडे बोट दाखवतात. रक्कम बदलण्यातली चोरवाटही ते सांगतात: १०० ची मुभा ५० वर आणताना समोरच्याने मध्येच १०० उचलले, तर नंतरचे ५० ही त्याचेच. म्हणून आधी शून्य करा, मग नवी रक्कम टाका, असा सल्ला रूढ झाला. मुद्दे खोटे नाहीत, पण वाचलेल्या गॅसची जोखीम शेवटी वापरकर्त्याच्याच गळ्यात पडली. डिसेंबर २०२१ मध्ये एका प्रकल्पाच्या वेबसाइटमध्ये घुसवलेल्या कोडने लोकांकडून अशाच परवानग्या काढून घेतल्या. सुमारे १२ कोटी डॉलर गेले.

एजंट आले ते या सवयीवरच. नोव्हेंबर २०२४ मधल्या ‘फ्रेसा’ या खेळात एजंटला एकच सक्त ताकीद होती: पैसे कोणालाही द्यायचे नाहीत. ४८२व्या संदेशात एका खेळाडूने त्याला पटवले की ‘अप्रूव्हट्रान्सफर’ हे फंक्शन पैसे आत घेण्यासाठीच आहे, आणि मग तिजोरीत १०० डॉलर टाकायची तयारी दाखवली. एजंटने ते फंक्शन चालवले आणि सुमारे ४७ हजार डॉलर देऊन टाकले. ताकीद शब्दांत होती, शब्दांनीच सुटली.

मग मधे माणूस बसवा, हा उपाय पुढे आला. त्याची परीक्षा एजंटांविनाच होऊन गेली होती. जुलै २०२४ मध्ये मुंबईतल्या एका क्रिप्टो एक्स्चेंजच्या मल्टिसिग वॉलेटमधून २३ कोटी डॉलर गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुबईतल्या दुसऱ्याचे सुमारे दीड अब्ज. दोन्हीकडे सह्या करणारी माणसेच होती. पडद्यावर दिसले एक आणि सही झाली भलत्याच व्यवहारावर, असेच दोन्ही ठिकाणी सांगितले गेले.

त्यामुळे हल्ली भर आहे तो मर्यादा वॉलेटच्याच कोडमध्ये घालण्यावर. मार्च २०२३ मध्ये ईआरसी-४३३७ आणि मे २०२५ मध्ये ईआयपी-७७०२ ही वॉलेटला कोडचे नियम लावू देणारी प्रमाणके आल्यावर एजंटला मुदतीची, ठरावीक कामापुरती सेशन की (तात्पुरती किल्ली) देणे सोपे झाले. तरी ‘अप्रूव्ह’ इथेही आडवे येते. त्या व्यवहारात स्वतः एकही इथर हलत नाही. दिवसाला किती इथर बाहेर गेले एवढेच मोजणाऱ्या नियमाच्या लेखी अमर्याद परवानगीची रक्कम शून्य असते.