भिंत पाडण्याआधी: तुमच्या इमारतीचं वजन कोणत्या वाटेनं जातं?

'ही भिंत काढली तर चालेल का?' असं आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं. उत्तर ठरतं एकाच गोष्टीवर: वरचं वजन त्या भिंतीतून जमिनीकडे जातंय का?

आरसीसी (आत सळई घातलेल्या काँक्रीटच्या) इमारतीत माणसं, सामान, फरशी यांचा भार आधी स्लॅबवर येतो. स्लॅब तो बीमला देतो, बीम कॉलमला, कॉलम फुटिंगला (जमिनीतल्या पायाला) आणि फुटिंग जमिनीला. ही वाट मध्येच तुटता कामा नये. अशा इमारतीतली विटांची भिंत बहुधा नुसता आडोसा असते. जुन्या, बिनकॉलमच्या घरात मात्र भिंतच सगळा भार पेलते. गिलाव्याखाली दोन्ही सारख्याच दिसतात. ठोकून अंदाज बांधू नका, नकाशे दाखवा. नकाशे नसतील तर आम्ही येऊन तपासतो.

वजनाचा अंदाज तर हमखास चुकतो. १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब स्वतःच दर चौरस मीटरला ३०० किलोहून जास्त भरतो. राहत्या खोलीत माणसं आणि सामान यांच्यासाठी वर साधारण २०० किलो धरतात. गच्चीवर ३० सेंटिमीटर मातीची बाग केली, तर भिजलेली मातीच साडेपाचशे किलोच्या आसपास जाते. १९९५ साली सोलमधलं सॅम्पूंग डिपार्टमेंट स्टोअर कोसळून ५०२ माणसं गेली. तिथे भूकंप नव्हता, वादळ नव्हतं. वाढवलेला मजला, बारीक केलेले कॉलम आणि छतावर ओढत हलवलेली वातानुकूलनाची अवजड यंत्रं, एवढं पुरेसं ठरलं.

आता सळईबद्दल. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून जिथे ताण, तिथे सळई. खोडरबर वाकवून पाहा: एक बाजू आवळते, दुसरी ताणली जाते. दोन्ही टोकांना टेकलेल्या बीमच्या मध्यावर ताण खालच्या बाजूला येतो. पुढे काढलेल्या बाल्कनीत तो वरच्या बाजूला येतो, म्हणून तिची मुख्य सळई वरच हवी. काँक्रीट ओतताना कामगार त्यावरून चालतात आणि ती दबते. १२५ मिलिमीटरच्या बाल्कनीत सळई २५ मिलिमीटर खाली गेली, तरी ताकद जवळपास पाव भागानं घटते. सळई पुरेपूर वापरलेली, बिलही बरोबर, आणि बाल्कनी कमकुवत! म्हणून सळईखाली चेअर (ती वर उचलून धरणारे आधार) बांधल्याशिवाय आम्ही काँक्रीट ओतू देत नाही, आणि ओतताना आमचा इंजिनिअर साइटवर थांबतो.

भूकंपासाठी बीम-कॉलमच्या जोडाजवळ रिंगा (मुख्य सळयांभोवती गुंडाळलेली बारीक सळईची कडी) दाट हव्यात आणि त्यांची टोकं १३५ अंशांत आत वळवलेली हवीत. हे काँक्रीट पडण्याआधीच तपासता येतं. तेव्हाचे फोटो मागून घ्या.

शेवटी गळती. पाणी आत मुरलं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फुटतं. गिलाव्यातल्या बारीक जाळीदार भेगांची सहसा काळजी नसते. पण कॉलमवर सळईच्या रेषेत उभी भेग, बीमच्या टोकाशी तिरकी भेग किंवा उघडी पडलेली सळई दिसली, तर शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, तारीख लिहा आणि लगेच कळवा. आम्ही पाहून जाईपर्यंत त्यावर गिलावा करू नका.