उपकारस्तुती: टोपलीपासून भोपळ्यापर्यंत

आपल्याकडच्या समारंभात आभारप्रदर्शन सगळ्यात शेवटी येतं, आणि तोवर निम्मे लोक चपला शोधायला लागलेले असतात. ख्रिस्ती उपासनेत मात्र आभार हाच मुख्य कार्यक्रम. मराठी बायबलात त्याला शब्द आहे 'उपकारस्तुती'. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने भाकर घेतली, उपकारस्तुती केली आणि ती मोडली, असं लूक सांगतो. मूळ ग्रीकमधल्या त्याच क्रियापदावरून मिस्साविधीला, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या उपासनेला, 'युखरिस्त' हे नाव पडलं.

याची मुळं आणखी जुनी आहेत. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात शेतकरी पहिल्या पिकाची टोपली याजकाच्या हाती देतो. त्या वेळी तो पावसाबद्दल बोलत नाही. माझा पूर्वज भटका अरामी होता, मिसर देशात आमचा छळ झाला, तिथून देवाने सोडवलं आणि हा देश दिला, असं म्हणतो. मग लेवी (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातला) आणि गावातला परका यांना सोबत घेऊन आनंद करायचा. म्हणजे आधी आठवण, मग वाटणी. स्तोत्रांच्या मराठी भाषांतरात 'उपकारस्मरण' येतं, ते मला म्हणूनच फार नेमकं वाटतं.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने कृतज्ञता न्यायाच्या सद्गुणाशी जोडली: उपकार हे ऋण, पण कोर्टात वसूल न होणारं. कृतघ्नतेच्या त्याने पायऱ्याही लावल्या. परतफेड न करणं ही पहिली, मिळालेलं मिळालंच नाही असं दाखवणं ही दुसरी, आणि उपकाराची जाणीवच नसणं किंवा तो विसरून जाणं ही सगळ्यात वाईट. जेज्विट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला 1542च्या एका पत्रात याहून पुढे गेला. त्याच्या मते कृतघ्नता हेच सगळ्या पापांचं मूळ.

प्रोटेस्टंटांनी मांडणीच फिरवली. धर्मशिक्षणासाठी लिहिलेल्या 1563च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचे तीन भाग आहेत: माणसाची दुर्दशा, सुटका आणि कृतज्ञता. दहा आज्ञा येतात त्या तिसऱ्या भागात. तारण मिळवण्यासाठी आज्ञा पाळायच्या नाहीत; ते मिळालं म्हणून पाळायच्या.

सुगीच्या उपासनेचं आजचं रूप मात्र बरंच अलीकडचं. 1843 साली इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये, मॉर्वेनस्टो गावी, रॉबर्ट हॉकर या पाळकाने नव्या धान्याच्या भाकरीने प्रभुभोजन घ्यायला गावकऱ्यांना बोलावलं आणि ती प्रथा पसरली. गोव्यात भाताच्या नव्या कणसांना आशीर्वाद देण्याचा कोणसांचा फेस्त वेगळ्या परंपरेतून आला. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या, रविवारी वेदीपुढे धान्य, भाज्या, कधी पाय बांधलेली कोंबडीही येते. उपासना संपली की लिलाव. एकच भोपळा तिप्पट भावाने घेऊन पुन्हा लिलावाला परत देणारे महाभाग असतात. शहरी मंडळीत आता पाकिटंच जास्त; तरी भोपळा हवाच, म्हणून कुणीतरी आदल्या संध्याकाळी मंडईतून घेऊन येतं.