सीलबंद शवपेटी उघडणारा बाप : श्रीलंकेच्या युद्धपटांमागचा इतिहास

श्रीलंकेतलं यादवी युद्ध म्हटलं की आपल्याकडे शांतिसेना आठवते. १९८७ ते १९९० या काळात तिथे गेलेल्या भारतीय सैन्याचे सुमारे बाराशे जवान मारले गेले. मुंबईत जन्मलेले महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन तिथेच धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी ठरले. त्यानंतर आठवते राजीव गांधींची हत्या. ‘मद्रास कॅफे’ (२०१३) हा हिंदी चित्रपट याच आठवणींभोवती फिरतो. पण १९८३ ते २००९ अशी सव्वीस वर्षं ज्यांच्या अंगणात हे युद्ध चाललं, त्या शेतकऱ्या-कोळ्यांचं, बायकापोरांचं काय झालं, हे आपल्यापर्यंत फारसं पोचलं नाही. ते पडद्यावर आणलं तिथल्याच काही दिग्दर्शकांनी, आणि त्यासाठी त्यांना बरंच सोसावं लागलं.

या युद्धाचा पहिला घाव खुद्द सिनेमाधंद्यावर बसला होता. सिंहली सिनेमा कधीच एकट्या सिंहली लोकांचा नव्हता. १९४७ साली आलेल्या पहिल्या सिंहली बोलपटाचे निर्माते एस. एम. नायगम तमिळ होते आणि त्याचं चित्रीकरण मदुराईत झालं होतं. पुढेही या धंद्यात तमिळ भांडवल आणि तमिळ तंत्रज्ञ मोठ्या संख्येने होते. जुलै १९८३ मध्ये उत्तरेतल्या जाफन्याजवळ वाघांनी, म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या ‘लिट्टे’ संघटनेने, १३ सैनिक मारले आणि कोलंबोत तमिळांची घरं, दुकानं पेटवली गेली. त्या आगीत के. गुणरत्नम यांचा हेंडाळा इथला विजया स्टुडिओही जळाला, आणि त्याबरोबर तिथल्या चित्रपटांच्या प्रती. सिंहली चित्रपट करणारे तमिळ दिग्दर्शक के. वेंकट यांना जमावाने ठार मारलं. पुढची अनेक वर्षं युद्धावर जे काही सिनेमे निघाले ते एका भाषेतले आणि एका बाजूचे का राहिले, याचं निदान एक कारण तरी या राखेत सापडतं.

दुसरं कारण पोटाचं आहे. युद्धाच्या सुरुवातीला श्रीलंकेचं सैन्य दहा-पंधरा हजारांचं होतं, नव्वदच्या दशकात ते लाखाच्या पुढे गेलं. ही भरती झाली ती प्रामुख्याने कोरडवाहू खेड्यांतल्या पोरांची. तळी आटलेली, शेतीत राम नाही, अशा घरात शिपायाचा पगार म्हणजे विटांचं घर आणि बहिणीचं लग्न. पोरगा मेला तर सरकारी भरपाई. सिंहली दिग्दर्शक प्रसन्न वितानगे यांनी १९९७ मध्ये केलेला ‘पुरहंद कळुवर’ याच जागी बोट ठेवतो.

कथा चार ओळींत सांगता येते. वन्निहामी हा आंधळा म्हातारा. सैन्यातल्या मुलाची सीलबंद शवपेटी घरी येते. सगळं गाव रडतं, म्हातारा मात्र मुलगा गेला हे मान्यच करत नाही. भरपाईच्या कागदावर तो अंगठा देत नाही आणि घरच्यांची गरज तर डोक्यावर आलेली. शेवटी तो कुदळ घेऊन शवपेटी उकरतो. आत केळीची खोडं आणि दगड. चित्रपटात एकही गोळी सुटत नाही. जो अबेविक्रम यांनी रंगवलेला हा म्हातारा आवाजही चढवत नाही. मला हा प्रसंग भारतीय उपखंडातल्या युद्धपटांमधला सर्वांत धाडसी वाटतो, कारण हुतात्म्याच्या गौरवाआड सरकार घरच्यांपासून नेमकं काय लपवतं, हे तो थेट उघडून दाखवतो.

सरकारलाही ते नीट कळलं. एप्रिल २००० मध्ये जाफन्याच्या वाटेवरचा एलिफंट पासचा लष्करी तळ वाघांनी जिंकला आणि त्याच वर्षी आणीबाणीचे नियम पुढे करून चित्रपटाचं प्रदर्शन रोखण्यात आलं. वितानगे सर्वोच्च न्यायालयात गेले. २००१ मध्ये न्यायालयाने बंदी बेकायदा ठरवली, दिग्दर्शकाला भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि चित्रपट लोकांनी गर्दी करून पाहिला.

२००२ च्या युद्धबंदीने थोडी मोकळीक मिळाली. वितानगे यांच्याच ‘ईर मदियम’ (२००३) मध्ये तीन गोष्टी समांतर चालतात. त्यातली एक आहे उत्तरेतल्या मुस्लिमांची. ऑक्टोबर १९९० मध्ये वाघांनी त्यांना घरंदारं सोडायला लावली, जाफना शहरात तर अवघे काही तास दिले. सत्तर हजारांच्या आसपास माणसं देशोधडीला लागली. चित्रपटात एका मुलाला आपला कुत्रा मागे सोडावा लागतो. दुसऱ्या गोष्टीत रजेवर आलेला शिपाई अनुराधपुरच्या वेश्यागृहात जातो आणि तिथे त्याला स्वतःची बहीण भेटते. २००५ मध्ये विमुक्ती जयसुंदर यांच्या ‘सुलंग एनु पिणिस’ला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात पदार्पणाच्या चित्रपटासाठीचं ‘कॅमेरा दोर’ पारितोषिक मिळालं. युद्धही नाही आणि शांतताही नाही, अशा ओसाड रानात राहणाऱ्या एका होमगार्डची ती कथा. देशात मात्र अशा दिग्दर्शकांवर सैन्याचं मनोबल खच्ची केल्याचा आरोप झाला. हे आरोप करणाऱ्यांत नौदलाचे वरिष्ठ अधिकारी सरत वीरसेकर होते. पुढे त्यांनी स्वतः ‘गामणी’ (२०११) काढला, वाघांनी १९९९ मध्ये गोणगल इथे सिंहली गावकऱ्यांची केलेली कत्तल त्याच्या मुळाशी आहे. पन्नासहून जास्त माणसं मारली गेली होती. ते दुःख खरंच आहे आणि ते दाखवायलाच हवं होतं. माझी तक्रार एवढीच, की तिथे गावकऱ्यांचं रडणं अखेर बंदुका हाती देण्याच्या कामी येतं.

आणि तमिळ माणसं? बराच काळ त्यांची कथा बाहेरच सांगितली गेली. मणिरत्नम यांचा ‘कन्नत्तिल मुत्तमित्ताल’ (२००२) चेन्नईतल्या दत्तक मुलीच्या नजरेतून युद्धाकडे पाहतो. फ्रान्सच्या जॅक ओदियार यांच्या ‘धीपन’ला (२०१५) कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. आश्रय मिळवण्यासाठी मेलेल्या कुटुंबाचे पासपोर्ट घेऊन तीन अनोळखी माणसं नवरा, बायको आणि मुलगी बनतात. मुख्य भूमिकेतले अँटनीदासन जेसुदासन किशोरवयात वाघांमध्ये होते, मग तेही फ्रान्सला निघून गेले होते. या बाहेरच्या सिनेमालाही ठिकठिकाणी अडवलं गेलं. तमिळनाडूत ‘मद्रास कॅफे’ लागलाच नाही. २०१४ मध्ये तर खुद्द वितानगे यांचा, सिंहली पुरुष आणि तमिळ स्त्री यांच्या संसाराचा चित्रपट धमक्यांमुळे चेन्नईच्या पडद्यावरून उतरवावा लागला. मायदेशात सैन्यविरोधी ठरलेला माणूस इथे निव्वळ सिंहली म्हणून नको झाला.

युद्धाचा शेवटचा अंक, म्हणजे २००९ मध्ये मुल्लिवायक्काल या किनारपट्टीवरच्या गावात झालेली अखेरची लढाई, कोणत्याच दिग्दर्शकाला तेव्हा टिपता आली नाही. स्वतंत्र पत्रकारांना तिथे प्रवेश नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०११ मध्ये शेवटच्या महिन्यांतल्या नागरिकांच्या मृत्यूंचा अंदाज ४० हजारांपर्यंत जाऊ शकतो असं म्हटलं. तिथली दृश्यं जगाने पाहिली ती मुख्यतः मोबाइलवर आणि छोट्या कॅमेऱ्यांवर टिपलेली, काही अडकलेल्या लोकांनी, काही खुद्द सैनिकांनी.

१९८३ मध्ये आईवडिलांबरोबर रेल्वेने उत्तरेला पळालेला पाच वर्षांचा ज्यूड रत्नम मोठा होऊन चित्रपटकार झाला. त्याचा ‘डेमन्स इन पॅरडाइज’ हा माहितीपट २०१७ मध्ये कानला दाखवला गेला. सिंहली जमावाच्या हिंसेबरोबरच तमिळ संघटनांनी एकमेकांची आणि आपल्याच माणसांची केलेली कत्तलही तो मांडतो. दुसऱ्याच वर्षी जाफन्याच्या चित्रपट महोत्सवात तो दाखवायचं ठरलं होतं. विरोध झाला आणि खेळ रद्द झाला.