नेमबाजीसाठी शस्त्र परवाना : अर्ज कुठे अडतो आणि दुकानाच्या काउंटरवर काय तपासतात

अर्जाचा नमुना शोधण्याआधी तुम्हाला परवाना लागतो का, ते बघा. मुलगा किंवा मुलगी दहा मीटरच्या एअर रायफलने सुरुवात करणार असेल, तर शस्त्र परवाना शाखेतली चक्कर बहुतेक वेळा फुकट जाते. नळी ४.५ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे ०.१७७ इंचाची, आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल, तर हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. स्पर्धेतली दहा मीटरची रायफल आणि पिस्तूल याच मर्यादेत बसतात. दुकानदार ओळखपत्र मागेल, वहीत नोंद करेल, तेवढं आनंदाने द्या.

घोळ होतो तो शेजारी टांगलेल्या ५.५ मिलिमीटरच्या एअरगनमुळे. दिसायला ती तशीच असते, पण तिला परवाना लागतो. तिला 'पॉइंट टू-टू' म्हणतात, आणि काडतुसाच्या .२२ रायफलीलाही 'पॉइंट टू-टू'च म्हणतात. या दोन पूर्णपणे वेगळ्या वस्तू आहेत. दुकानात विचारताना आणि अर्जात लिहिताना 'छर्‍याची' की 'काडतुसाची' हे स्पष्ट सांगा.

५० मीटर रायफल, २५ मीटर पिस्तूल, ट्रॅप आणि स्कीट (उडत्या चकत्यांवरची नेमबाजी) यांची बारा बोअर बंदूक यांना मात्र परवाना हवाच. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात (मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर वगैरे) तो पोलीस आयुक्त देतात, बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी. अर्जाचा नमुना ए-१. तो 'एनडाल-एलिस' या केंद्राच्या संकेतस्थळावर भरायचा, त्याची प्रत काढायची आणि कागदपत्रांसह कार्यालयात द्यायची. वय २१ पूर्ण हवं. १२ वर्षांपुढच्या मुलांना क्लबमध्ये प्रशिक्षकाच्या नजरेखाली सराव करता येतो, त्यामुळे मुलासाठी वडिलांच्या नावाने घाईघाईने परवाना काढायची गरज नसते.

कारणाचा रकाना

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडतात, आणि याबद्दल अर्जदाराला कुणी काही सांगत नाही. 'शस्त्र कशासाठी हवे' या ओळीत लोक लिहितात, 'स्वसंरक्षण व खेळ'. दोन कारणं दिली की बाजू भक्कम होते, असं वाटतं. होतं उलटं. संरक्षण म्हटलं की पोलीस ठाणं विचारतं, धोका कुणापासून? तक्रार कधी दिली? पुरावा काय? खेळाडूकडे याचं उत्तर नसतं, आणि अहवालात 'धोका आढळून येत नाही' असा शेरा पडतो. तो शेरा मग खेळाच्या कारणालाही बुडवतो.

खेळासाठी अर्ज करणाऱ्याच्या बाजूने कायद्यातच आधार आहे. शस्त्र अधिनियम १९५९, कलम १३(३)(अ) वाचा. केंद्र सरकारने परवाना दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबच्या किंवा रायफल असोसिएशनच्या सदस्याला लक्ष्यवेधाच्या सरावासाठी अग्निशस्त्राचा परवाना अधिकाऱ्याने 'द्यावा' असं तिथे म्हटलं आहे. २० इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची, आतून गुळगुळीत बंदूक खेळासाठी मागणाऱ्या भारतीय नागरिकालाही तेच लागू आहे. ट्रॅपवाल्यांची बारा बोअर त्यात येते. कायद्याच्या बाकीच्या अटी असतातच, पण सुरुवात तुमच्या बाजूने होते. २०१९ च्या दुरुस्तीआधी या कलमात .२२ रायफल आणि एअर रायफल एवढीच होती, .२२ पिस्तूल नव्हतं. ते तेव्हा 'इतर प्रकरणे' मध्ये जायचं आणि 'सबळ कारण' दाखवावं लागायचं. आजही पिस्तुलाच्या अर्जाला स्पर्धांचे गुणपत्रक, सहभागाची प्रमाणपत्रं, क्लबमधल्या सरावाची हजेरी, राज्य संघटनेची शिफारस असं जाडजूड बाड जोडलेलं बरं. रायफलवाल्या मित्राचा अर्ज बघून पिस्तुलाचा अर्ज भरू नका.

'केंद्र सरकारने मान्यता दिलेला' हे शब्द पुन्हा वाचा. गल्लोगल्ली शूटिंग अकादम्या निघाल्या आहेत. त्यांतल्या काही उत्तम शिकवतात, पण शिकवणं वेगळं आणि मान्यता वेगळी. अकादमीचं प्रमाणपत्र जोडून आलेले अर्ज परत जातात, आणि तोवर वर्षाची फी भरून झालेली असते. प्रवेश घेतानाच संस्थेचं जिल्हा आणि राज्य रायफल असोसिएशनशी संलग्नत्व आहे का, याचा कागद मागा. भिंतीवरची पाटी पुरेशी नाही. आणखी एक गैरसमज म्हणजे क्लबचं सदस्यत्व आणि 'नामांकित नेमबाज' हा दर्जा एकच मानणं. तो दर्जा राष्ट्रीय पातळीच्या कामगिरीवर मिळतो आणि त्याच्या सवलती वेगळ्या आहेत. नवख्याने त्या गृहीत धरून अर्ज भरला, तर तो खोटा दावा ठरतो.

जे कागद कुणाकडेच नसतात

फोटो, वयाचा दाखला, आधार हे सगळे आणतात. आधार नसेल तर तसं प्रतिज्ञापत्र आणि दुसरं ओळखपत्र चालतं. अडतात ते तीन 'एस' नमुने.

एस-१ हा शस्त्र हाताळणीच्या सुरक्षा-प्रशिक्षणाचा दाखला. शस्त्र नियम २०१६ पासून तो आला, आणि आजही अर्जदाराला पहिल्यांदा कळतं ते त्रुटीच्या पत्रातून. हा दाखला कुठून घ्यायचा, हे प्रत्येक कार्यालयाने दारावर लावायला काय हरकत आहे, कळत नाही. पैसे भरून वर्ग लावण्याआधी तुमच्या परवाना शाखेत विचारा की त्यांना कोणाचा दाखला चालतो, आणि जमल्यास ते लेखी घ्या.

एस-२ हे शस्त्र सुरक्षित वापरण्याचं आणि ठेवण्याचं हमीपत्र. सही करून मोकळं होता येत नाही, कारण चौकशीला आलेला पोलीस अंमलदार घरी जागा बघतो. भिंतीला किंवा जमिनीला पक्कं केलेलं, कुलपाचं लोखंडी कपाट दाखवा. काडतुसांचं कुलूप वेगळं ठेवा. 'परवाना मिळाला की घेऊ' या उत्तरावर प्रतिकूल शेरा पडला, तर अंमलदाराला दोष देता येणार नाही.

एस-३ म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र. इथे लोक नोकरीला लागतानाचं 'फिट फॉर ड्यूटी' जोडतात. ते चालत नाही. मानसिक आणि शारीरिक आरोग्य ठीक आहे आणि अर्जदार दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या आहारी गेलेला नाही, हे दोन्ही ठरलेल्या नमुन्यातच लिहिलेलं हवं. कोरा नमुना छापून डॉक्टरांकडे घेऊन जा, म्हणजे दुसरी फेरी वाचेल.

पत्त्याचं काय? आधारवर गाव सातारा जिल्ह्यातलं, राहणं पिंपरीत भाड्याने. अर्ज जिथे खरोखर राहता तिथे करायचा, आणि पत्त्याचा पुरावाही तिथलाच हवा. गावच्या पत्त्यावर अर्ज केला तर चौकशीला पोलीस पाटलाकडे विचारणा होते, तो सांगतो 'इथे राहत नाहीत', आणि फाइल बंद होते. यात त्याने खोटं काहीच सांगितलेलं नसतं.

काही कार्यालयं तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागतात. असतील तर द्या. नसतील तर घाबरू नका. केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येत नाही, असं कलम १४(२) सांगतं.

चॅप्टर केस लपवू नका

गुन्ह्यांच्या रकान्यात 'निरंक' लिहिण्याची सवय महागात पडते. गणपतीच्या मिरवणुकीतली बाचाबाची, बांधावरचं भांडण, त्यावरून झालेली प्रतिबंधक कारवाई (म्हणजेच चॅप्टर केस) आणि लिहून दिलेला चांगल्या वर्तणुकीचा बाँड हे लोकांच्या हिशोबात 'केस' नसतं. पोलिसांच्या नोंदवहीत असतं. कलम ९ प्रमाणे अशा बाँडची मुदत चालू असताना शस्त्र घेता किंवा बाळगता येत नाही. मुदत संपली असेल, तर तारखेसकट खरं लिहा आणि आदेशाची प्रत जोडा. संपलेला बाँड आपोआप आड येत नाही, पण लपवाछपवी हमखास आड येते. हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं मनाई आहे.

साठ दिवस कधीपासून?

'साठ दिवसांत निर्णय' हे ऐकून लोक अर्जाच्या पोचपावतीपासून दिवस मोजतात आणि एकसष्टाव्या दिवशी भांडायला जातात. साठ दिवस मोजायचे ते पोलीस अहवाल परवाना अधिकाऱ्याकडे पोचल्यापासून. पोलीस ठाण्याला अहवालासाठी ३० दिवस असतात. अहवाल मुदतीत आला नाही, तर त्याच्याशिवाय निर्णय घेण्याची मुभा अधिकाऱ्याला कायद्याने दिलेली आहे. ती कुणी सहसा वापरत नाही आणि फाइल 'अहवाल प्रलंबित' म्हणून पडून राहते. म्हणून पाठपुरावा ठाण्यात करा. अहवाल कोणत्या जावक क्रमांकाने आणि कोणत्या तारखेला गेला, ते टिपून ठेवा. पुढचं सगळं बोलणं त्या क्रमांकावर होतं.

नकार आला तर लेखी कारण मागा. जिल्हाधिकाऱ्यांच्या नकारावर विभागीय आयुक्तांकडे अपील होतं, पोलीस आयुक्तांच्या नकारावर राज्याच्या गृह विभागाकडे. मुदत ३० दिवस. पत्र टपालात आठवडाभर फिरलं तरी ते दिवस आपल्या हातात धरू नका. हुकुमावरच्या तारखेपासूनच मोजा.

दुकानात

परवाना हातात आला की आधी वाचा. नाव, पत्ता, यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), शस्त्राचा प्रकार, बोअर (नळीचं माप), परवाना कुठे लागू आहे ते क्षेत्र, काडतुसांची एका वेळची आणि वर्षाची मर्यादा, आणि शस्त्र घ्यायची मुदत. शेवटची तारीख परवान्याच्या मुदतीपेक्षा वेगळी असते. परवाना पाच वर्षांचा आहे म्हणून निवांत राहणाऱ्यांची खरेदीची मुदत निघून जाते.

काउंटरवर मूळ परवाना लागतो, झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. परवान्यावर 'रायफल .२२' असेल तर दुकानदार पिस्तूल विकणार नाही. 'नंतर दुरुस्त करून आणतो' या शब्दावर विकणारा दुकानदार भेटला, तर तिथून निघून या, कारण त्या व्यवहारात आरोपी तुम्हीही असता.

चांगला विक्रेता शस्त्र कसं देतो, त्यावरून दुकान ओळखा. तो आधी मॅगझिन काढतो, बोल्ट मागे ओढतो, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघतो, अंधार असेल तर बोट घालून बघतो, आणि उघड्या स्थितीतच शस्त्र तुमच्या हातात देतो. दुनळी असेल तर सांध्यात उघडून, नळ्यांतून आरपार उजेड दिसेल अशी. तुम्ही हातात घेतल्यावर हेच सगळं पुन्हा स्वतः करा. त्याने आत्ताच तपासलंय म्हणून सोडू नका, आणि तुम्ही पुन्हा तपासलंत म्हणून त्याला राग येणार नाही. बोट ट्रिगरच्या कडीबाहेर, नळी दुकानदार ठरवून देईल त्या दिशेला. खांद्याला लावून बघायचं असेल तर आधी विचारा. दारातून रस्त्यावर नेम धरणं हा दुकानातून बाहेर काढलं जाण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे, आणि तो योग्यच आहे.

रिकामा ट्रिगर ओढून बघायचा मोह सगळ्यांना होतो. .२२ च्या शस्त्रात आघात काडतुसाच्या कडेवर होतो, त्यामुळे चेंबर रिकामं असताना पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळून दोन्ही खराब होऊ शकतात. डमी (नकली, न उडणारं) काडतूस मागा. खरं काडतूस घालून 'बसतंय का' बघणं कुठल्याही कारणाने नाही. शस्त्र आणि काडतुसं एकाच वेळी काउंटरवर असूच नयेत. एक पेटीत गेलं की दुसरं बाहेर.

बारा बोअरवाल्यांनी चेंबरची लांबी विचारलीच पाहिजे. जुन्या बंदुकांची ६५ मिलिमीटर असते, आजची बरीच काडतुसं ७० ची. न उडालेलं ७० चं काडतूस ६५ मध्ये बसल्यासारखं वाटतं, पण उडाल्यावर त्याचं तोंड पुढे उलगडतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. त्याहून भयंकर म्हणजे २० बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत जाणं. ते चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकतं, बंदूक रिकामी दिसते, माणूस मागून बाराचं भरतो, आणि नळी फुटते. घरात दोन्ही बोअर असतील तर काडतुसं एका खणात ठेवू नका.

पैसे देण्याआधी शस्त्रावर कोरलेला क्रमांक स्वतः वाचा आणि बिल, दुकानाची नोंदवही, परवान्यावरची नोंद असा तिन्ही ठिकाणी अक्षर-अक्षर जुळवा. इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक यांची गल्लत नेहमीची. दुकानात ती एका मिनिटात दुरुस्त होते. नूतनीकरणाच्या तपासणीत सापडली, की 'हे शस्त्र तुमचं कशावरून' इथून सुरुवात होते.

घरी नेताना शस्त्र रिकामं, पेटीत, काडतुसं वेगळी, परवाना सोबत. मग परवाना कार्यालयात खरेदीची नोंद. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी.

दुसऱ्या हाताचं शस्त्र

क्लबमधला सीनियर खेळाडू जुनी रायफल विकतोय, तुमच्याकडे परवाना आहे, मग अडचण काय? अडचण ४५ दिवसांची. कलम ५ प्रमाणे विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासकट लेखी कळवायचं, आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस उलटल्यावरच शस्त्र हस्तांतरित करायचं. दिवस मोजायचे पोचपावतीच्या शिक्क्यापासून, आपसात व्यवहार ठरला त्या दिवसापासून नाही. विकून मग कळवलं तर चालत नाही. एका माणसाकडे किती शस्त्रं, तेही आधी मोजा : २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच ठेवता येतात. त्या ४५ दिवसांत शस्त्र विकणाऱ्याच्याच परवान्यावर, त्याच्याच कपाटात राहतं. 'तोवर नेऊन सराव करून बघ' असं म्हणून तो ते तुमच्या हवाली करू शकत नाही. बघायचंच असेल तर रेंजवर, तो शेजारी उभा असताना.